मांडव पक्का झालाय

काल, ६ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाहून घरी यायला साडेअकरा वाजले. आज सकाळी चहा घेताना आमच्या मंडळींनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून जाहीर केलं, की आज रात्री खग्रास चंद्रग्रहण आणि उद्यापासून पितृपक्ष. मग माझ्याकडे वळून, "तुमचं ते अस्वलांचं कधी आहे?"

म्हटलं, मंगळवारी पहाटे पावणेसहाला. तिकडे सोमवार संध्याकाळ असेल.

"म्हणजे पितृपक्षातच. या दिवसांत कोणी नवीन काम काढतं का?"

एवढा ऑगस्टभर अभ्यास केला, पण मुहूर्त बघायचा राहिला होता.

नव्या वाचकांसाठी सांगतो. माझी दिंडोरीच्या अलीकडे चार एकर द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन जातीची. राहायला म्हसरूळला. थोरला मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो आणि त्याच्यामुळे मी शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा झालो. अस्वलं म्हणजे तेच. खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी पायाचा संबंध फारसा नाही. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, नाहीतर फेकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्रिकेटवाल्याला हे समजायला एक रविवार पुरतो. मला दोन लागले.

२०१८ साली ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेलो होतो. ऑक्टोबर छाटणीच्या आत परत यायचं, हे तिकीट काढतानाच ठरलेलं. ९ सप्टेंबरला रात्री त्याने मला टीव्हीसमोर बसवलं. समोर ग्रीन बे पॅकर्स, म्हणजे आपल्याकडच्या भाऊबंदकीतला बांधाला बांध लागलेला शेजारी. बेअर्स वीस-शून्यने पुढे. पॅकर्सचा चेंडू फेकणारा हुकमी गडी ॲरन रॉजर्स पहिल्या अर्ध्यातच गुडघा धरून मैदानाबाहेर गेलेला, गाडीत घालून नेला त्याला. मी म्हटलं, संपलं की रे. पोरगा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. रॉजर्स लंगडत परत आला आणि बेअर्स चोवीस-तेवीसने हरले. वीस गुणांची आघाडी अशी जाताना मी फक्त बाजारभावातच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी काढताना म्हणाला, "आबा, आता तुम्ही पण आमच्यातले."

त्या वर्षी पुढे बेअर्सने बारा सामने जिंकले आणि थेट बाद फेरी गाठली. जानेवारीतली सोमवारची पहाट. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून मी बागेत ड्रिप चालू करायला गेलेलो, अंगावर घोंगडी, हातात मोबाईल. शेवटच्या क्षणी ४३ यार्डांवरून बेअर्सच्या कोडी पार्कीची किक. चेंडू आधी उभ्या खांबाला लागला, मग आडव्या दांडीला लागला आणि खाली पडला. फिलाडेल्फिया १६, शिकागो १५. किकला समोरच्या एकाची बोटं लागली होती हे नंतर कळलं. पण सगळ्या शिकागोने त्या पोराला शिव्या घातल्या. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. घरच्या मैदानावर, बाद फेरीत, अख्ख्या सामन्यात पंधरा गुण करायचे आणि शेवटी किकवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. वर्षभर बाग सांभाळली नाही आणि व्यापाऱ्याने भाव पाडला म्हणायचं, तसलाच प्रकार.

बेअर्सचं दुखणं जुनं आहे. १९२० पासूनचा हा संघ, नाव सगळं बचावाचं. १९८५ च्या हंगामातला त्यांचा बचाव तिकडे आपल्याकडच्या ८३ च्या विश्वचषकासारखा आळवला जातो. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, ४६-१० ने जिंकला होता. पण ऑफेन्सचं, म्हणजे चेंडू आपल्या हातात असताना पुढे जायचं म्हटलं, की अंधार. एका हंगामात चार हजार यार्ड फेक करणारा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, या संघाला कधी मिळालाच नाही. बत्तीस संघांत असा हा एकटाच. २०२४ पर्यंत सर्वांत जास्त ३,८३८ यार्ड, एरिक क्रेमर, १९९५. त्या वर्षी माझ्या बागेत अजून ज्वारी होती.

क्वार्टरबॅक मात्र बदलत राहिले. २०१७ ला नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर ट्रुबिस्की उचलला. पॅट्रिक महोम्स त्याच रांगेत दहावा गेला. मग २०२१ ला जस्टिन फील्ड्स. मग २०२४ ला सगळ्यांत पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स. आमच्याकडे एक जण दर चार वर्षांनी वाण बदलतो. आधी थॉमसन, मग सोनाका, मग कुठलीतरी रंगीत जात. बाग कधीच नीट लागत नाही आणि दोष प्रत्येक वेळी वाणाचा.

मागच्या वर्षी तर केलेबची दया आली. पोरगं गुणी आहे. साडेतीन हजार यार्ड फेकले, वीस टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) दिले, चेंडू समोरच्याच्या हातात फक्त सहा वेळा गेला. पण चेंडू फेकायच्या आत त्याला धरून ६८ वेळा आडवा केला. लीगमधला त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा आकडा. संघ सलग दहा सामने हरला. वॉशिंग्टनने घड्याळ शून्यावर असताना आभाळात चेंडू फेकून जिंकलेला सामना त्यातच, आणि डेट्रॉईटविरुद्ध हातात टाइमआउट असताना तो न घेता वेळ घालवून हरलेला सामनाही त्यातच. त्या डेट्रॉईटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोचला नारळ दिला. सतरा सामन्यांत ३१० गुण. त्याच वर्षी डेट्रॉईटचे ५६४. आणि ते ५६४ ज्याच्या डोक्यातून निघाले तो बेन जॉन्सन आता आमचा मुख्य कोच आहे.

म्हणून शिकागोत सध्या सगळे हवेत आहेत. सराव सामन्यात बफेलोला ३८-० ने धुतलं, केलेबने पहिल्याच चढाईत ९२ यार्ड नेऊन टचडाउन केला, हे मला मुलाच्या आधी सुनेने कळवलं. नातवाने त्याचा अठरा नंबरचा टी-शर्ट घालून फोटो पाठवला. लव्हलंड आणि बर्डन असे दोन नवे झेल घेणारे आलेत, जुने डीजे मूर आणि ओडुन्झे आहेतच. सगळीकडे त्यांचीच चर्चा. घड बघून माणूस खूश होतो, त्यात नवल नाही. बफेलोने आपले मुख्य गडी त्या दिवशी बसवून ठेवले होते, हे मात्र मी नातवाला सांगितलं नाही.

पण मी घडांमुळे खूश नाही. मी मांडवामुळे, म्हणजे वेल आणि घड पेलणाऱ्या लोखंडी खांब-तारांमुळे, खूश आहे. आणि हे मुलाला फोनवर समजावता येत नाही, कारण तो २०१४ ला पुण्याला शिकत होता.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये जिल्हाभर गारपीट झाली. आमच्या शिवारात गारा थोड्याच पडल्या, वारा मात्र असा आला की उभं राहवेना. बाग तोडणीला आठ दिवस होते. घड असे लागलेले की खालून चालताना डोक्याला लागायचे. व्यापारी दोनदा येऊन गेलेला. पण मांडव उभारताना मी लोखंडात पैसे वाचवले होते. अँगल एक साइझ हलके घेतले, कोपऱ्याच्या खांबांना ताण द्यायच्या तारा एकेरीच लावल्या. वडील तेव्हा म्हणाले होते, "घड काय, आज आहे उद्या नाही. कोपरा पक्का कर." मी म्हटलं, पुढच्या वर्षी करू. त्या संध्याकाळी नैर्ऋत्येचा कोपरा वाकला आणि त्याच्या मागे ओळच्या ओळ बसत गेली. आवाज येत होता. आम्ही पाच-सहा जण बांधावर उभे होतो आणि कोणी काही करू शकत नव्हतं. सकाळी बघितलं तर घड जागच्या जागी, वेलीला लागलेले, दिसायला सुंदर. फक्त सगळे जमिनीवर. वडील काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. लोखंडात वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट त्या रात्री मातीत गेले.

केलेब विल्यम्स मागच्या वर्षी ६८ वेळा जमिनीवर पडलेला पाहिला तेव्हा मला तीच बाग दिसायची.

चेंडू टाकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. त्यांनी चेंडूला हातही लावायचा नसतो, सेंटरने मागे सरकवण्यापुरता लावायचा. समोरून येणाऱ्यांना तीन-चार सेकंद थोपवायचं, एवढंच काम. त्यांची नावं कोणी टी-शर्टवर घालत नाही. या वर्षी जॉन्सनने आल्या आल्या मधले तिन्ही खांब बदलले. कॅन्सस सिटीहून जो थूनी आणला. चार सुपर बोल जिंकलेला माणूस, दोन पेट्रियट्सकडून, दोन चीफ्सकडून. अटलांटाचा ड्रू डालमन सेंटरला, तीन वर्षांचे चार कोटी वीस लाख डॉलर. आणि रॅम्सकडून जोना जॅक्सन, जो आधी डेट्रॉईटला याच जॉन्सनच्या हाताखाली खेळलेला. मार्चमध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे तोडणी चालू होती. मी ट्रॅक्टरवर बसून वाचली आणि मोठ्याने हसलो. मजुरांना वाटलं भाव वाढला.

शंभर वर्षांत कोणीतरी आधी लोखंड घेतलं, म्हणून मी यंदा आशावादी आहे. मुलाचं म्हणणं, "आबा, तुम्ही दर सप्टेंबरला आशावादी असता." तेही खरं आहे. द्राक्षवाला सप्टेंबरात आशावादी नसेल तर तो छाटणी करणारच नाही.

एक खांब मात्र अजून मला खटकतो. डावा टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून मागून येणारा दिसत नाही, म्हणून तो कोपरा सगळ्यांत महत्त्वाचा. ऑगस्टभर तिथे चौघांची परीक्षा चालली होती. शेवटी जुन्या ब्रॅक्स्टन जोन्सचंच नाव पुढे आलं, ज्याचा घोटा डिसेंबरात मोडला होता. आणि पहिलाच सामना मिनेसोटाशी. त्यांचा बचाव बघणारा ब्रायन फ्लोरेस म्हणजे वारा कुठून सोडायचा हे आधी कळूच न देणारा गृहस्थ. कधी सहा जण अंगावर घालेल, कधी सहा उभे करून तीनच पाठवील. मांडवाची परीक्षा पहिल्याच पावसात. त्यांचा क्वार्टरबॅक मॅकार्थी शिकागोच्याच बाजूचा पोरगा, मागचं वर्षभर गुडघ्यामुळे बसलेला, त्याचा हा पहिलाच खरा सामना. लोक त्याच्याकडे बघतील. मी डावीकडे बघणार.

बागेचं विचाराल तर यंदा तिथे आशा जरा जपून वापरतोय. मे महिनाभर पाऊस झाला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्मघड तयार होतो तो नेमका त्याच दिवसांत, आणि त्याला ऊन लागतं. ऊन नव्हतंच. लवकर छाटलेल्या बागांतून घड जिरल्याच्या तक्रारी ऐकू येताहेत. मी पंधरवड्यात काड्या तपासायला देणार आहे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून बघतात, आत घड आहे की नुसती बाळी, म्हणजे तणावा. रिपोर्ट काहीही आला तरी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होणारच, मग तपासायचं कशाला, असं दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी देतो.

या वर्षी मांडवाला हात लावायची गरज नाही. २०१५ ला उभा केलेला अजून हलला नाही. कोपऱ्याला दुहेरी तारा आहेत.

मंगळवारी फवारणी साडेनऊनंतर धरायची, असं गड्याला सांगून ठेवलंय. त्याने कारण विचारलं नाही, त्याला सवय आहे. मुलाने सामने बघायच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरून दिलेत. पहाटे लाईट गेली तर मोबाईल चार्ज असावा म्हणून तो सोमवारी रात्रीच चार्जिंगला लावून ठेवायचा आहे.

आत्ता हे लिहीत बसलो होतो तर मंडळी ग्रहणाआधीचं जेवण वाढायला बोलवायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तो डावीकडचा ठरला का?"

म्हटलं, ठरला. जुनाच.

"त्याचा घोटा बरा झाला म्हणायचा?"