हरिहर: पायऱ्यांवरची रांग आणि मागचा कडा

त्र्यंबकेश्वर मागे टाकून निरगुडपाड्याला पोचलं की हरिहर समोर उभा असतो. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र आधी दिसतात गाड्या, आणि गड त्यानंतर. गावातून पायऱ्यांच्या तळापर्यंतच्या चालीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चिखल, भाजलेली कणसं, पुन्हा चिखल.

पायऱ्यांचं मात्र सांगायलाच हवं. कातळात खोदलेला सरळसोट जिना, जवळपास ऐंशी अंशांचा, एकावेळी एकच माणूस नीट चढू शकेल एवढा रुंद. हाताच्या पकडीसाठी पायऱ्यांच्या दोन्ही कडांना खोबण्या आहेत. 1818 मध्ये इथले किल्ले घेतल्यावर इंग्रजांनी बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, अलंगच्या तुटलेल्या पायऱ्या अजून त्याची साक्ष देतात. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. पावसात त्या खोबण्यांत पाणी साचतं, बोटं घातली की तळाशी बुळबुळीत गाळ लागतो. तो खरवडून पेरं आतल्या दगडी कडेवर बसली की मगच हातावर भार द्यायचा. दोन हात, एक पाय कातळावर, उरलेला एकच पाय हलवायचा. भार पायांवर, हात फक्त तोल सांभाळायला. हे एवढं जमलं तर हरिहर अवघड नाही.

अवघड असते ती रांग. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर, आणि एकमेकांना ओलांडायला जागा नाही. डोक्यावर कुणाचे तरी बूट, त्यातून चिखल टपकतोय, खाली कुणीतरी ओरडतंय, "दादा, सरका ना जरा!" कुठे सरकू? वर एकजण एका हाताने सेल्फी स्टिक लांबवून हसतोय. पाठीवरची फुगलेली सॅक कातळाला अडली की माणूस मागे ढकलला जातो, आणि पोंचो वाऱ्याने तोंडावर आला की पायरीच दिसत नाही. उतरताना तर बरेचजण घरच्या जिन्यासारखं दरीकडे तोंड करतात. गावातले एक मामा खालून एकेकीला उतरवत होते. "ताई, तोंड कातळाकडं करा. खाली नका बघू, पाय चाचपा. लागला? आता भार द्या." अख्ख्या गर्दीत शुद्धीवर असलेला तो एकच माणूस वाटला मला. वरच्या दरवाज्यापलीकडे वाकून जायची कातळातली आडवी वाट, दुसरा जिना, माथ्यावरचं तळं, सगळं छान आहे. पण त्या रांगेने माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

कारण याच हरिहरला दुसरी बाजू आहे. सुमारे 170 मीटरचा उभा कडा. 1986 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉटने तो पहिल्यांदा चढला, म्हणून आपल्याकडे त्याला स्कॉटिश कडा म्हणतात. हाच स्कॉट 1975 मध्ये डुगल हॅस्टनबरोबर नैऋत्य भिंतीने एव्हरेस्टवर पोचला होता. 1977 मध्ये काराकोरममधल्या ओगर शिखरावरून (7,285 मीटर) दोरावरून उतरताना तो बर्फावर घसरला, लोलकासारखा झोका जाऊन समोरच्या कातळावर आदळला आणि दोन्ही पाय घोट्यांपाशी मोडले. बाकीची उतराई त्याने साथीदारांच्या मदतीने, रांगत, वादळात काढली. त्यानंतर नऊ वर्षांनी तो आपल्या हरिहरवर होता.

अशा माणसाला लोक सरळ वेडा म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कड्यावर तो काय करत असेल ते बघा. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणारा, वर सरकतो, जागोजागी खिळा किंवा बोल्ट मारून त्यात कॅराबिनरने (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने) दोर अडकवतो. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर हात सुटला तर तो चार मीटर पडणार, दोराचा ताण आणि बिलेतली (खालून दोर धरून सांभाळणाऱ्याकडची) ढील धरून पाचेक. म्हणून हा दोर ताणला जाणारा, डायनॅमिकच हवा. रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून उतरायच्या, न ताणणाऱ्या स्टॅटिक दोरावर लीड केलं तर तोच झटका कंबरेला आणि बोल्टला बसतो. पहिलाच बोल्ट मारायच्या आधी पडलात तर सगळा धक्का बिले देणाऱ्याच्या अँकरवर, म्हणजे त्याला कड्याशी बांधून ठेवणाऱ्या आधारावर, म्हणून तो अँकर कधीही एका बिंदूवर नसतो.

शिवाय आपला बसाल्ट. दोन टणक थरांमध्ये मुरमाड पट्टा येतो, तिथे खिळा धरत नाही आणि गवत मुळासकट हातात येतं. प्रत्येक पकड तळव्याने ठोकून बघायची, पोकळ आवाज आला तर सोडून द्यायची. कड्यात आग्यामोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा बंद, किंवा सरळ माघारी. रॅपलिंग दिसायला सगळ्यात सोपं, पण तिथेच ढिलाई होते. दोराची दोन टोकं असमान राहतात, टोकाला गाठ मारलेली नसते, मोकळे केस डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात) ओढले जातात. टोकाला गाठ आणि दोराला प्रुसिक (भार आला की आवळणारी आधाराची गाठ), एवढ्याने यातलं बरंच टळतं. सगळं नाही. जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक रॅपलिंगच्या मोहिमेतच गेला.

म्हणजे ओढ धोक्याची नसावी. रोजच्या कामात आपण केलेल्या चुकीचा निकाल महिन्यांनी लागतो, आणि तो बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर जमा होतो. कड्यावर गाठ नीट मारली की नाही हे तिथल्या तिथे कळतं. लक्ष इतकं एका जागी गोळा होण्याची चटक लागते, आणि धोका नसेल तर ते तसं गोळा होत नाही, हीच त्यातली अडचण. ओगरनंतरही स्कॉट पुन्हा कड्याखाली का उभा राहिला, याचं मला तरी एवढंच उत्तर सुचतं. पायऱ्यांवरच्या रांगेत नेमकं हेच उरत नाही. तिथे तुमचा जीव वरच्या अनोळखी माणसाच्या चपलेवर टांगलेला. हो, चपला घालूनही येतात.

हरिहर बघायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, आठवड्यामधल्या वारी, उजाडता उजाडता पायऱ्यांखाली पोचा. पावसाळी रविवारीच जायचा हट्ट असेल तर नेणाऱ्याला आधी विचारा, पायऱ्यांवर मधेच कुणाचे पाय लटपटले तर काय करणार, आणि सोबत दोर किती मीटर आहे. मी एका आयोजकाला विचारलं होतं. जाहिरातीत 'थरारक' लिहिणारा तो गृहस्थ म्हणाला, "दोर कशाला, पायऱ्याच तर आहेत."