आमची वाटचाल : भट्टी, घोडे आणि एक इटालियन माणूस

आमच्या पुतळ्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात भिंतीवर तीन फोटो आहेत, गणपतीचा, वडिलांचा, आणि तिसरा एका घोडेस्वाराच्या पुतळ्याचा ज्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन टोपीसारखा घातलाय. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं, पाव्हणं हे काय हो? मग मी चहा सांगतो आणि तो पुतळा करणाऱ्या मारोकेट्टीची गोष्ट सुरू करतो, आणि आमचा फोरमन बाहेर सटकतो कारण त्यानं ती शंभरदा ऐकलीय.

आधी आमचं सांगतो. वडील कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मोल्डर होते, बिडाचं ओतकाम, ट्रॅक्टरचे पार्ट वगैरे. मी चित्रं बरी काढायचो म्हणून मुंबईला जेजेला शिल्पकलेला गेलो. तिथं एक सर आम्हाला टाउन हॉलमध्ये घेऊन गेले, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर लोक फोटो काढतात ना तीच बिल्डिंग, आणि आत सर जमशेटजी जीजीभॉय यांचा पुतळा दाखवला. यांनी एक लाख रुपये दिले म्हणून १८५७ साली आमचं कॉलेज सुरू झालं. सर म्हणाले, ज्यांच्या पैशावर तुम्ही शिल्पकला शिकताय त्यांचा पुतळा कुणी केलाय सांगा. सगळे गप्प. कार्लो मारोकेट्टी, इटालियन. (लोक मारोचेटी वाचतात, पण इटालियनमध्ये ते के होतं, हे मलाही बऱ्याच उशिरा कळलं.)

तेव्हा काही फार वाटलं नाही खरं सांगायचं तर. १९९८ ला परत येऊन वडिलांच्या फंडाच्या पैशातून शेड टाकली, सुरुवातीला फायबरचे अर्धपुतळेच करायचो, ब्राँझ परवडायचं नाही. पहिली ब्राँझची ऑर्डर आली तेव्हा भट्टी दुसऱ्याची भाड्यानं घेतली आणि तो जेव्हा रिकामा असेल तेव्हा आम्ही मेणाचे साचे टेम्पोत घालून न्यायचो, मे महिन्यात, एकदा अर्ध्या वाटेत मेण मऊ पडलं आणि नाक बसलं. परत गेलो, परत केलं. तेव्हा वडील म्हणाले की भट्टी आपली पाहिजे, बाकी सगळं उसनं चालतं.

आणि नेमकं हेच त्या मारोकेट्टीनं केलेलं. जन्म तुरीनचा, १८०५, वाढला पॅरिसमध्ये. स्वतःच्या गावाला त्यानं एमान्युएले फिलिबेर्तो या ड्यूकचा घोड्यावरचा पुतळा भेट म्हणून करून दिला, १८३८ ला उभा राहिला, लढाई जिंकून घोडा थांबवलाय आणि तलवार म्यानात घालतोय असा. तिथल्या राजानं खूश होऊन बॅरन हा सरदारकीचा किताब दिला. इतका दिमाखदार घोडा मी अजून दुसऱ्या कुणाचा बघितलेला नाही, म्हणजे फोटोतच बघितलाय, तुरीनला कोण नेतंय. पॅरिसमध्ये विजयकमानीवरचं एक शिल्पपट, मादलेन चर्चमधली मोठी वेदी, अशी कामं केली, आणि १८४८ ला क्रांती होऊन फ्रान्सचा राजा पळाला तसा हाही उठून लंडनला गेला. गिऱ्हाईकच गेलं तर कारखान्यानं काय करायचं?

लंडनला ऑन्स्लो स्क्वेअरला घर आणि मागं स्टुडिओ नि स्वतःची भट्टी. तिथले शिल्पकार नाराज, हा परका येऊन राणीची कामं उचलतो म्हणून. पण ट्रॅफल्गर स्क्वेअरमधले ते चार मोठे सिंह आहेत ना, ते लँडसीर नावाच्या चित्रकाराचे, आणि ओतले कुठं तर मारोकेट्टीच्या भट्टीत! म्हणजे जॉबवर्क. नाव दुसऱ्याचं, भट्टी ह्याची. आम्ही २००४ ला आमची भट्टी घातली आणि पहिली दोन वर्षं नुसत्या जॉबवर्कवर काढली त्यामुळे मला याचं भारी वाटतं.

आता शेपटीचं. १८५१ ला लंडनला ते मोठं प्रदर्शन भरलं त्यात त्यानं सिंहहृदयी रिचर्ड राजाचा घोड्यावरचा भलाथोरला नमुना बाहेर मांडला, आणि मांडल्यावर थोड्याच दिवसांत घोड्याची शेपटी निखळून पडली. हे मी वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो आणि मग हसू थांबलं, कारण आमचीपण पडलीय. २००९, एका तालुक्याच्या गावचा अश्वारूढ, नऊ फुटी, चौदा तुकड्यांत ओतलेला. ब्राँझ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, त्यात पातळ आणि जाड भाग वेगवेगळ्या वेळी थंड होतात, शेपटी भरीव केली होती आणि जोडाजवळचा पत्रा पातळ. तिथं आर्गन वेल्डिंगनं जोड मारला, वरून ग्राइंडिंग, पॅटिना म्हणजे ब्राँझवर चढवायचा रंग, काही दिसत नव्हतं. घाट उतरताना ट्रकमध्ये हादरे बसले आणि क्रेननं उचलला तेव्हा शेपटी बोटभर लोंबकळत होती. अनावरण दुसऱ्या दिवशी दहाला. मी, फोरमन आणि गावातला एक गेट-ग्रिलवाला, रात्रभर ताडपत्रीच्या आत. सकाळी पाहुणे हार घालत होते आणि मी शेपटीखाली उभा, हात जोडून, लोकांना वाटलं भक्तीनं. आता शेपटी पोकळ ओततो आणि आतून स्टीलचा रॉड धडापर्यंत नेतो.

(रिचर्ड नंतर ब्राँझमध्ये पार्लमेंटपाशी बसला, १८६० ला. दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडून त्याची तलवार वाकली. शेपटी मात्र टिकली.)

बॅरनसाहेब ज्या देशात गेले तिथला चेहरा करत गेले. ग्लासगोत वेलिंग्टन या इंग्रज सेनापतीचा, १८४४ चा, भिंतीवरचा तो कोनवाला, तिथली पोरं रात्री चढून कोन घालतात आणि नगरपालिका काढून काढून थकली, फोटो माझ्या भाच्यानं तिकडून व्हॉट्सअॅपवर पाठवला. इस्तंबूलला क्रिमियन युद्धात मेलेल्या इंग्रजांसाठी चार देवदूतांचा उंच ग्रॅनाइटचा स्तंभ. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांचा अर्धपुतळा, संगमरवराला रंग देऊन. त्याला त्यावरून नावं ठेवणारे बरेच होते. आमच्याकडेही ब्राँझला सोनेरी पेंट मारा म्हणणारे येतात, मी नाही म्हणतो, मग ते स्वतः मारतात.

आणि कानपूर. बीबीघरच्या विहिरीवर, जिथं १८५७ ला इंग्रज बायकापोरांना मारून टाकलं होतं, त्याच्यावर १८६५ ला बसवलेला संगमरवरी देवदूत मारोकेट्टीचा. नानासाहेब पेशव्यांच्या बिठूरपासून ते काही लांब नाही. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत तिथून उचलून चर्चच्या आवारात नेला आणि ती बाग आता नानाराव पार्क, तात्या टोपेंचा पुतळा आहे तिथं. मुंबईत जमशेटजी आणि कानपुरात तो देवदूत, दोन्ही एकाच हातचे, हे डोक्यात आलं की मला जरा कसंतरी होतं. पण मीसुद्धा दोन विरोधी गटांचे पुतळे एकाच महिन्यात, एकाच मुशीतल्या धातूतून ओतलेत. मारोकेट्टीला मी नावं कुठल्या तोंडानं ठेवू?

आमचंही आता तसंच झालंय, बेळगावकडून बसवेश्वरांची ऑर्डर येते तेव्हा मुकुट आणि घोड्याचं जीन वेगळं, बाबासाहेबांच्या कोटाची बटणं लोक मोजून बघतात, अहिल्यादेवींच्या हातातली पिंड छोटी झाली तर फोन येतो. कला संचालनालयाची मान्यता मातीच्या मॉडेलला लागते ती लागतेच, पण खरी परीक्षा घरच्यांची. एकदा ऐंशीच्या एक आजी मातीच्या मॉडेलपुढं पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या, मग पुढं होऊन डाव्या कानाची पाळी अंगठ्यानं जरा खाली ओढली आणि म्हणाल्या, "आता आमचे हे दिसले." तो कान तसाच ओतला.

एक राहिलंच. मारोकेट्टीनं व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या थडग्यावरची मूर्ती केली तेव्हाच राणीचीपण करून ठेवली, ती जिवंत असताना. १९०१ ला राणी गेली तर मूर्ती कुठं ठेवलीय कुणालाच आठवेना, शेवटी विंडसरला एका भिंतीमागं सापडली. हे वाचल्यावर मी आमच्या मागच्या शेडची यादी केली. निघाला एक. पाच फुटी, ब्राँझ, पूर्ण झालेला, अकरा वर्षं ताडपत्रीखाली, कारण समितीत दोन गट पडले आणि कोणाच्या चौकात बसवायचा ते ठरेना. अॅडव्हान्स मिळालाय, बाकी नाही. ताडपत्री कधीच फाटली, आणि त्याच्या डोक्यावर सध्या आमच्या पोरांचं पिवळं हेल्मेट असतं.