सांध्यांपलीकडचा आमवात

आईच्या आमवाताला आम्ही कित्येक वर्षे केवळ बोटांचे दुखणे समजत होतो. सकाळी तिला दुधाची पिशवीही कापता येत नसे, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष हातांवर असे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, ही तक्रार मात्र चष्म्याच्या नंबरावर ढकलली गेली. वास्तविक या आजारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि दाह सांध्यांपुरता राहत नाही: अश्रू आटतात, कोपराजवळ कडक, बहुधा न दुखणाऱ्या गाठी येतात, काहींची फुप्फुसे घट्ट होऊन जिना चढताना धाप लागते. दाहामुळे साठ्यातले लोह शरीराला नीट वापरता येत नाही, म्हणून केवळ लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन अनेकदा वाढत नाही, हे मला फार उशिरा कळले. हृदयविकाराचा धोकाही सुमारे दीडपट असतो; आईच्या फाइलीत आता कोलेस्टेरॉलचा कागद सर्वांत वर असतो.