उझबेक कथेत कोल्हीण कुठून आली? अनुवादक शोधतानाचा माझा अनुभव

आपल्या कहाण्यांमधील ‘आटपाट नगर होते’ ही सुरुवात आणि रशियन व उझबेक लोककथांच्या सुरुवाती यांची तुलना मी करत आहे. त्यासाठी मला काही कथांचा मुळावरून केलेला मराठी अनुवाद हवा होता. रशियन कथांचे काम विनासायास झाले. अफानास्येव यांच्या १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील निवडक कथा रशियन शिकवणाऱ्या एका बाईंनी पंधरा दिवसांत करून दिल्या.

अडले ते उझबेकपाशी. एका अनुवाद संस्थेने ‘उझबेक होईल’ असे सांगून निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि तीन आठवड्यांच्या बोलीवर अडीच महिने लावले. फोन केला की ‘तपासणी चालू आहे’ एवढेच उत्तर मिळे. अखेर हाती आलेले मराठी गुळगुळीत होते, पण आरंभीच ‘लांडगा स्वयंपाकी होता, कोल्हीण पहारेकरी होती’ असे वाचून मी थबकलो. उझबेक भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी ‘उ’ हा एकच शब्द आहे. मग मुळातील ‘तुल्की’ची कोल्हीण कोणी केली? रशियन भाषेने, कारण तेथे कोल्ह्यासाठीचा ‘लिसा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

माझे पुस्तक सोव्हिएत काळातले, म्हणून सिरिलिक लिपीत, म्हणजे रशियन जिच्यात लिहितात त्या लिपीत, छापलेले होते. (१९४० पासून उझबेक त्या लिपीत लिहिली जाऊ लागली, लॅटिन लिपीचा कायदा १९९३ साली झाला.) लिपी पाहून संस्थेने ते रशियन जाणणाऱ्याकडे सोपवले, त्याला मूळ वाचता येईना, तेव्हा त्याच कथांचे रशियन भाषांतर मिळवून त्याने त्यावरून मराठी केले. खोदून विचारल्यावर हे कबूल करण्यात आले. पैसे गेले याचा राग ओसरला आहे. ‘मूळ उझबेकवरून’ असे लिहून ते माझ्या हाती दिले गेले आणि मी ते तसेच छापले असते, याचा मात्र अजून ओसरलेला नाही.

म्हणून पुस्तक देण्यापूर्वी लिपी नव्हे, भाषा कोणती ते स्पष्ट लिहून द्यावे. डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असलेला सिरिलिक ‘उ’ (ў) आणि खाली शेपटी असलेला ‘क’ (қ) दिसला, तर ते रशियन नाही, एवढे आपल्यालाही ओळखता येते.

पुढे ओळखीतून एक उझबेक विद्यार्थिनी भेटली, जी ताश्कंदला हिंदी शिकून आली होती. ती एकेक ओळ मोठ्याने वाची, हिंदीत अर्थ सांगे आणि मी मराठी करी. ‘बिर बोर एकन, बिर योक एकन’ या कथेच्या सुरुवातीच्या ओळीतील ‘एकन’ तिला हिंदीत नीट सांगता येईना. ऐकीव गोष्ट सांगताना लावतात, असे ती म्हणाली, आणि मला लगेच आपले ‘म्हणे’ आठवले. ‘एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे.’ त्या एका ओळीने अडीच महिन्यांचा शीण गेला. (आगाऊ पैसे देण्याआधी एका पानाचा नमुना करून घ्यावा, हे आधी सांगायला हवे होते.)

मराठीला लिंग ठरवावेच लागते, त्यामुळे प्रत्येक प्राण्यापाशी आम्ही थांबलो. तुल्कीचा कोल्हा केला. चुगली करणारी चिमणी मात्र चिमणीच राहिली.