हळू चालणारा पुढे

३० डिसेंबर २०२४. पहाटे चार वाजता सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चपाशी आम्ही चौदा जण जमलो. निघण्याआधी आमच्या म्होरक्याने, म्हणजे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांनी, एकच नियम सांगितला. "जो सगळ्यात हळू चालता, तो पुढे. बाकीचे त्याच्या पाठसून. कोणी त्याका मागे टाकूचा नाय."

सगळ्यात हळू कोण, हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या वाड्यावरची एक आजी, सगळे तिला मायच म्हणतात, पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघ्यांना क्रेप बँडेज बांधून उभी होती. तिच्या हातात काठी, काठीला बांधलेली जपमाळ. मी मनातल्या मनात हिशेब केला. जुन्या गोव्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर. माझ्या पायाने दीड दिवस. हिच्या पायाने किती?

आम्ही याला वारी म्हणत नाही. आमच्यात नुसतं 'सायबाकडे चलत जातंव' म्हणतात. पण शेजारचे काका माळकरी, वर्षानुवर्षं पंढरपूर करणारे. आदल्या दिवशी ते मुद्दाम घरी आले नि विचारलं, "वारीक चाललस मां?" हातात भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा दिला. "रात्री टाचांका लाव. नवीन बूट घालू नको. आणि लांबचा बघू नको, पुढच्याच्या टाचेकडे बघीत चल." त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या चालण्याचं सार मला त्या तीन वाक्यांत मिळालं. तिसरं वाक्य किती महाग पडणार होतं ते तेव्हा कळलं नाही.

सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब. स्पेनमधल्या नावार प्रांतात १५०६ साली जन्मलेला हा माणूस १५४२ मध्ये गोव्यात उतरला, आणि दहाच वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने गेला. त्याचं शव १५५४ मध्ये गोव्यात आलं ते आजतागायत तिथे आहे. दर दहा वर्षांनी ते बॉम जेझू बॅसिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेऊन दर्शनाला ठेवतात. या खेपेला २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. दरवर्षीच्या तीन डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे त्याच्या सणाला, तर आमच्या जिल्ह्यातून, बेळगावातून माणसं चालत जातातच. आम्हाला नवीन वर्षाचा पहिला दिवस तिथे गाठायचा होता.

मी का निघालो, हे मी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. नवस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, म्हणून नवस म्हटलं.

खरं कारण शर्टाच्या बटणाएवढं होतं. दोन वर्षांपूर्वी पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं बऱ्यापैकी परतलं, उजवा हात मात्र अर्धाच परतला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून गेली होती, की त्यांचं काम त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी. मी मान हलवली होती. नाताळच्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघताना पप्पा पांढरा शर्ट घालून पलंगावर बसले होते आणि दुसऱ्या बटणाशी त्यांची झटापट चालली होती. बटण काजाच्या तोंडाशी यायचं नि बोटातून सुटायचं. बायको, मुलं गाडीत. मी दोनदा घड्याळ बघितलं, मग त्यांचा हात बाजूला सारला आणि खाडखाड सगळी बटणं लावून टाकली. लहान पोराची लावतात तशी. पप्पा काही बोलले नाहीत. मी गाडीची किल्ली घेऊन परत आलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सगळी बटणं सोडून ठेवली होती. "तुम्ही जावा. माका झोप येता."

ख्रिस्तजन्माच्या रात्री मी माझ्या बापाला घरी बसवला. मिस्सात काय झालं ते मला आठवत नाही.

घाई ही आमच्याकडे पिढीजात आहे, एवढं मात्र सांगतो. १९९४ च्या डिसेंबरात मी सतरा वर्षांचा असताना आम्ही बापलेक हीच वाट चाललो होतो. पप्पा एवढ्या झपाझप पुढे की मला ते दिसायचेच नाहीत. पेडण्यात एका दुकानाच्या बाकड्यावर सोडा पीत सापडले. त्याचं त्यांना आणि मला, दोघांनाही कौतुक होतं.

पहिला दिवस मला फार जड गेला. चालण्याने नाही, न चालण्याने. बांद्यापर्यंतचे बारा किलोमीटर, तिथे जायलाच साडेआठ वाजले. माय वीस पावलं टाकायची, थांबायची, काठी टेकून रस्त्याकडेच्या कुंपणात कोणाची कसली फुलं आहेत ते बघायची, मग पुढे. जपमाळेत येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग घेतात, त्यांना रहस्यं म्हणतात, ती वारावर ठरलेली; सोमवार म्हणून आनंदाची रहस्यं घेतली होती. 'नमान मोरिये' ही मरियेची प्रार्थना तिच्या श्वासाच्या लयीत चाललेली, आणि माझ्या पोटऱ्या आतून धडका मारत होत्या. पुढच्याच्या टाचेकडे बघायचं, तर माझ्यापुढे तिचीच टाच: भेगाळलेली, निळ्या पट्ट्याच्या स्लिपरमध्ये. उचलायची, हवेत क्षणभर विचारात पडल्यासारखी राहायची, मग खाली यायची. एकदा मी न राहवून रस्त्याच्या कडेने पुढे सटकलोच. मागून तिचा आवाज आला, "घाय कसली रे झिला? सायब खंय पळान जाता?"

सगळे हसले. मी परत मागे.

पत्रादेवीला हद्द ओलांडली. १९५५ च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे तिथे. काकांनी टोपी काढली, आम्हीही थांबलो. पलीकडे लगेच दारूची दुकानं सुरू होतात आणि आपल्याकडच्या पासिंगच्या गाड्या तिथे अगदी श्रद्धेने थांबतात. पुढे हायवेची धूळ, नाकाला रुमाल. रात्री आठला शापोराचा पूल ओलांडून कोलवाळ. एका नातेवाइकांच्या घरी जमिनीवर अंथरुणं होती. सोळा तासांत जेमतेम तीस किलोमीटर! पायाला फोड किती आले ते बघितलं तर एकही नाही. पुढे-पुढे करणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरांच्या तळव्यांत मात्र काकांना सुईदोरा ओवावा लागला. मी भिरंडेल चुलीपाशी धरून पातळ केलं आणि मायच्या टाचांना लावायला दिलं. ती म्हणाली, "तूच लाव, माका वाकाक जमणा नाय." लावलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हापशात मिलाग्रीस सायबिणीसमोर, म्हणजे मरियेसमोर, मेणबत्त्या लावल्या. तिथे तेल घेऊन येणाऱ्या हिंदू बायकाही असतात. शिरगावच्या लईराई देवीची ही बहीण, अशी तिकडची समजूत. गिरी गाव ओलांडताना रस्त्यात पोरं आडवी आली. थर्टी फर्स्ट म्हणजे गोव्यात 'म्हातारो' जाळायचा दिवस. जुने कपडे, आत गवत नि फटाके, बारा वाजता सरत्या वर्षाला काडी. दिवसभर तो खुर्चीत बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागतात. यांचा म्हातारा अजून पुरा झाला नव्हता. एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा त्याच्या शर्टाची बटणं लावत होता. पोटात गवत जास्त झालेलं, त्यामुळे एक लावलं की दुसरं सुटायचं. पोरगा जीभ बाहेर काढून, अगदी तल्लीन. त्याच्या मित्रांनी हाकाटी चालवली होती, पण तो कोणाला हात लावू देत नव्हता.

माय तिथेच धोंड्यावर बसली. दहाची नोट काढली आणि म्हणाली, "माका मातशी बसवशात त्या खुर्चेर? नको रे बाबा, जळान जायन." पोरं खिदळली. आम्ही तिथे पंधरा मिनिटं तरी होतो. सगळी बटणं लागेपर्यंत.

मी घड्याळ बघितलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. बघितलं. पण नंतर खिशात टाकलं.

रात्री पर्वरीत एका ओळखीच्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, पाठ टेकली. बारा वाजता चारी बाजूंनी फटाके, चर्चच्या घंटा, कुठेतरी गवताचा नि बारुदाचा वास. दरवर्षी या वेळेला मी संकल्पांची यादी करतो. साखर, फोन, बायबलचा रोज एक अध्याय, वगैरे. गेल्या वर्षीची यादी माझ्या बायबलमध्ये अजून आहे, अध्याय बारावर. या वेळी यादी सुचलीच नाही, कारण मायला बाथरूमला जायचं होतं आणि अनोळखी घरातल्या काळोखात कोणीतरी हात धरायला हवा होता.

तीनला निघालो. मांडवीच्या पुलावरून खाली कॅसिनोच्या बोटी झगझगत होत्या, गाणी चालू होती. पणजीत रात्र संपवून परतणारी एक मंडळी समोर आली, डोक्यावर कागदी टोप्या. त्यातल्या एकाने मायला बघून सॅल्यूट ठोकला, "हॅपी न्यू इयर, आजी!" तिने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "घरी जातो."

पुढे रायबंदरचा कॉजवे. पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेला, तीनेक किलोमीटर सरळसोट. दोन्हीकडे खारफुटी आणि पाणी. बुधवार, म्हणजे गौरवाची रहस्यं. इथे उजाडलं. धुकं होतं, पुढचं दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं, त्यामुळे घाई करायची तरी कशाकडे, असं झालं. माझी पावलं मायच्या पावलांत कधी बसली ते मला सांगता येणार नाही. काका म्हणाले तेव्हा कळलं, "काय रे, आज गप चललस तो!"

से कॅथेड्रलच्या रांगेत तीन तास. तीन तास उभं राहून समोर आलं ते काही क्षणांचं दर्शन. काचेच्या पेटीत जरीच्या वस्त्रात काळवंडलेला, आटलेला देह. स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करत होते. लोक कपाळ बघतात, पाय बघतात. माझे डोळे गेले उजव्या बाहीकडे. तो हात तिथे नाही. १६१४ साली तो कापून रोमला नेला. तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. याच हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला म्हणून. लहानपणापासून ऐकलेली माहिती, सामान्यज्ञानाच्या प्रश्नासारखी. त्या दिवशी मात्र तिथे मला पांढऱ्या शर्टाचं दुसरं बटण दिसलं. मी काही मागितलं नाही. वेळच नव्हता, मागचा ढकलत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी घाई केलेली खुपली.

एक जानेवारी हा देवमाता मरियेचा सण. मिस्सात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं वाचन होतं: मेंढपाळ घाईघाईने गेले, बाळ बघितलं, सगळीकडे सांगत सुटले, मरियेने मात्र या सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवल्या आणि त्यांचं मनन करत राहिली. फादरांनी प्रवचनात चर्चच्या २०२५ च्या जुबिली वर्षाबद्दल, 'आशेचे यात्रेकरू' या ब्रीदाबद्दल सांगितलं. चांगलं सांगितलं. पण मी त्या 'घाईघाईने'वरच अडकलो होतो. म्हणजे तेही धावलेच की, आणि तरी पोचले. एवढा दिलासा मी घेतला. माय शेजारी बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं.

येताना बसने दोन-अडीच तासांत सावंतवाडी.

रविवारी, पाच तारखेला, आठची मिस्सा होती. मी पप्पांना सहालाच उठवलं. पांढरा शर्ट पलंगावर ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो, पाठ करून. आतून काही आवाज नाही. पहिली घंटा झाली. मी वळून बघितलं: चार लागली होती, पाचव्याशी चाललं होतं. कपाळावर घाम. बायको खुणेने विचारत होती, मी मान हलवली. दुसऱ्या घंटेला पप्पा उंबऱ्यात आले. सगळी बटणं लागलेली, फक्त एक काज चुकलेलं. शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं. त्यांनी माझ्या नजरेकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"श्शी," म्हणाले आणि वरपासून सोडायला लागले.

मी चपला काढल्या आणि परत पायरीवर बसलो.