जांभई दिसली की मुलीला आडवं करा

मेडिकल वॉर्डात सिस्टर एका आजोबांना इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावत होत्या आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली कॉटभोवती उभ्या राहून बघत होत्या. हाताला टुर्निकेटचा पट्टा बांधला, स्पिरिटचा बोळा फिरला, २० नंबरची गुलाबी सुई आत गेली, चेंबरमध्ये रक्त दिसलं. मागच्या मुलीने लागोपाठ दोन जांभया दिल्या, वरच्या ओठावर घाम आला. आता ही चक्कर येऊन पडणार हे ओळखून मी तिला धरून तिथेच जमिनीवर आडवं केलं आणि पाय स्टुलावर ठेवले. खुर्चीत बसवून धरून ठेवलं असतं तर मेंदूकडे रक्त पोचायला आणखी वेळ लागला असता.

बाकीच्या भीतीत बीपी वाढतो. रक्त आणि सुईच्या भीतीत तो आधी थोडा चढतो, मग एकदम पडतो, नाडीही मंदावते. त्यामुळे 'अंग सैल सोड' हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला इथे उलटा पडतो. त्यात ही उपाशीपोटी ड्युटीवर आलेली. शुद्धीवर असली तरी लगेच उभी केली नाही. दहा मिनिटं आडवी, मग बसती, मग पाणी.

दुपारी स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, तिला बीपी पडू नये म्हणून स्नायू आवळायला शिकवलं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात बसवलेली ही पद्धत. मुठी, मांड्या, पोट १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचं. सोडायचं म्हणजे नेहमीइतकंच, लोळागोळा व्हायचं नाही. २०-३० सेकंद थांबून पुन्हा, असं पाच वेळा. श्वास मात्र चालू ठेवायचा. मुली नेमका तोच रोखून धरतात. सुई हातात असताना हात मोकळेच हवेत, तेव्हा फक्त पाय आणि पोट. स्वतः हिपॅटायटिस बीची लस घेताना टोचायचा दंड सैल ठेवायचा, नाहीतर जास्त दुखतं.

मग आधी नुसती सिरिंज हाताळणं, अँप्युलमधून पाणी भरणं, बुडबुडा काढणं, शेवटी सरावाच्या पॅडवर ९० अंशांत सुई. भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. गंमत म्हणजे सुई टोचणाऱ्यांपेक्षा नुसतं बघणाऱ्या जास्त पडतात. म्हणून पुढच्या इंट्राकॅथच्या वेळी तिच्या हातात चिकटपट्टी आणि कापूस दिला. लक्ष कामात राहिलं, रंग उतरला नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची असते. घाबरलेला हात सुई हळूहळू घालतो, मध्येच थबकतो आणि पेशंटला जास्त दुखतं. बाहेर काढल्यावर उघडी सुई बघवत नाही म्हणून मुली पुन्हा टोपण लावायला जातात, आणि तिथेच बोटाला टोचतं. तिच्या पॅडच्या सरावापासूनच हब कटर (सुई कापायचं यंत्र) आणि वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा हाताशी ठेवला: टोचलं, काढलं, कापलं, टोपणाला हात नाही. आणि टोचलंच तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि शिफ्ट संपायची वाट न बघता इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर ती देत नाहीत.