लाइट गेली, तरी अर्ज गेला

प्रवेश अर्जाची शेवटची तारीख, दुपारपासून लाइट नाही आणि संध्याकाळी इन्व्हर्टरनेही मान टाकली. तालुक्याच्या आमच्या सेवा केंद्रात एक मुलगी वडिलांसोबत ताटकळत बसलेली. संगणक बंद, म्हणून अर्ज फोनवरूनच भरायचा. पण साइट अशी, की समोर मोबाइल आहे हे ओळखून छोटं पान द्यायची आणि त्या पानावर गुणांचा तक्ता उजवीकडे कापला जायचा. ‘सेव्ह’चं बटण नेमकं त्या कापलेल्या भागात.

केंद्राचा फोन काढला. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, त्यात ‘डेस्कटॉप साइट’वर खूण. ही खूण लॉगिनच्या आधीच करायची. टिचकी मारताच पान नव्याने लोड होतं, त्यामुळे अर्धा फॉर्म भरून केली तर भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. खूण केल्यावर ब्राउझर साइटला आपली ओळख सांगताना ‘अँड्रॉइड’ आणि ‘मोबाइल’ हे शब्द गाळतो, लिनक्सचा संगणक असल्याचं भासवतो आणि पान ९८० पिक्सेल रुंद धरतो. फोनची मूळ रुंदी साधारण ३६० ते ४१२. म्हणजे १६ पिक्सेलचं अक्षर जेमतेम सहाचं दिसणार.

“साहेब, अक्षरं मुंगीएवढी झाली की!” वडील म्हणाले.

“फोन आडवा धरून वाचा, काका. टाइप करताना उभाच बरा.” आडव्या फोनवर कीबोर्डच अर्धा पडदा खातो.

खरी अडचण मेनूची होती. ‘अर्ज’वर माउस नेला की खाली यादी उघडणार, अशी रचना. बोटाने दाबलं की यादी क्षणभर चमकायची आणि भलतंच पान उघडायचं. बोट नुसतं वर फिरवता येत नाही ना! मग ओटीजी जोडणीने, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू लावू देणाऱ्या छोट्या जोडाने, संगणकाचाच यूएसबी माउस फोनला लावला. पडद्यावर बाण आला, यादी उघडी राहिली. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. अशा वेळी माउस बिघडला असं समजून लोक उगाच वायर हलवत बसतात.

फीच्या पानावर गंमत. पेमेंटवाल्यालाही समोर संगणकच दिसत असल्यामुळे यूपीआय ॲपचं बटण आलं नाही, क्यूआर आला. आमच्या बाबतीत ते पथ्यावरच पडलं. काकांनी आपल्या फोनने तो स्कॅन केला. या टप्प्यावर डेस्कटॉपची खूण काढू नये. पान पुन्हा लोड होतं आणि व्यवहार मध्येच लटकू शकतो.

पावती वेगळ्या खिडकीत उघडणारी, म्हणून क्रोमने अडवली. पॉप-अप अडवल्याची सूचना आली, तिथेच परवानगी दिली. मग शेअर, प्रिंट, ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’, कागद ए-फोर. फाइल उघडून अर्ज क्रमांक नीट वाचता येतो ना ते पाहिलं आणि काकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवली.